डहाणू खाडी आणि तिचे पाणलोट क्षेत्र

डहाणू खाडी ही महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू शहरालगत अरबी समुद्राला मिळणारी एक लहान खाडी आहे. खाडीचे मुख सुमारे १९°५८′ उत्तर अक्षांश व ७२°४३′ पूर्व रेखांश यांच्या आसपास आहे. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत भरपूर पाऊस पडतो. तरीही डहाणू खाडीला मिळणारी एकही मोठी नदी नाही. तालुक्याच्या अंतर्भागातील पाणी सूर्या नदीवाटे दक्षिणेकडे वैतरणेला मिळते. तलासरीकडील पाणी वरोली नदीवाटे गुजरातमध्ये जाते. खाडीच्या वाट्याला किनारपट्टी आणि तिच्यामागील टेकड्यांच्या पश्चिम उतारांवरचे ओढे तेवढे उरतात. त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने वगळता ही खाडी मुख्यतः समुद्राच्या भरतीवर जगते. तिची जीवसृष्टी, तिच्या काठची उपजीविका आणि गेल्या काही दशकांत तिच्याभोवती निर्माण झालेले पर्यावरणविषयक वाद समजून घेताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

नाव व प्राचीन उल्लेख

डहाणू या नावाची व्युत्पत्ती ‘धेनुग्राम’ या शब्दापासून सांगितली जाते. तथापि नावाचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा याहून वेगळा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला जातो. उषवदाताने ज्या नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, त्यांची नावे या लेखात आली आहेत. त्यांत पारदा, दमण आणि तापी यांच्याबरोबर ‘दाहनुका’ हे नाव आढळते. पारदा म्हणजे आजची पार नदी व दमण म्हणजे दमणगंगा असे मानले जाते आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी किंवा खाडी असे अभ्यासक समजतात. ही ओळख मान्य केल्यास जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीही उत्तर कोकणच्या किनारी मार्गावर ही खाडी एक मोठा अडथळा होती, आणि ती ओलांडण्याची सोय करणे हे पुण्यकर्म समजले जात होते, असे म्हणता येते.

स्थान व विस्तार

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. डहाणू व तलासरी हे त्याचे वायव्येकडील तालुके आहेत. त्यांच्या उत्तरेस गुजरात राज्याचा वलसाड जिल्हा आणि दादरा व नगर हवेली हा प्रदेश आहे. पश्चिमेस अरबी समुद्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४.०२ लाख व तलासरी तालुक्याची सुमारे १.५५ लाख होती. डहाणू तालुक्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर तलासरीत ते ९० टक्क्यांहून अधिक आहे.

डहाणू तालुक्याचा किनारा दक्षिणेस चिंचणीपासून उत्तरेस बोर्डीपर्यंत पसरलेला आहे. चिंचणी व पालघर तालुक्यातील तारापूर या गावांच्या मधून एक खाडी जाते. तिच्या उत्तरेस वरोर, वाढवण आणि धाकटी डहाणू ही गावे लागतात. त्यानंतर डहाणू खाडीचे मुख येते. मुखाच्या उत्तरेस जुने डहाणू गाव व किल्ला आहे. त्यापुढे नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी ही गावे ओळीने येतात. बोर्डीच्या उत्तरेस तलासरी तालुक्यातील झाई हे मच्छीमारांचे गाव असून तेथील खाडीपलीकडे गुजरातची हद्द सुरू होते.

डहाणू खाडी मुखापासून पूर्वेकडे जमिनीत शिरते आणि पुढे तिला फाटे फुटतात. पश्चिम रेल्वेचा मुंबई–अहमदाबाद मार्ग डहाणू रोड स्थानकाच्या दक्षिणेस पुलावरून ही खाडी ओलांडतो. भरतीच्या वेळी खारे पाणी या मार्गाच्याही आत पोहोचते. खाडीच्या दोन्ही बाजूंस दलदल, खाजणे, तिवरांची झाडी आणि काही ठिकाणी बांध घालून वापरात आणलेली खार जमीन आहे.

भूरचना

हा सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. उत्तर कोकणात हे थर समुद्राकडे कललेले आढळतात. त्यांना छेदून वर आलेल्या कठीण खडकाच्या भिंतीही जागोजागी दिसतात. मऊ भाग झिजून गेला आणि कठीण भाग डोंगरांच्या रूपाने उरला.

समुद्राकडून पूर्वेकडे जाताना भूमीचे तीन पट्टे स्पष्टपणे ओळखता येतात.

पहिला पट्टा किनाऱ्याचा. हा काही किलोमीटर रुंद, सपाट आणि सखल आहे. वाळूचे पुळण, त्यामागे नारळ, ताड व चिकूच्या बागा आणि त्यांच्या मधून शिरलेल्या खाड्या असे त्याचे स्वरूप आहे. वाढवणजवळ मात्र किनारा खडकाळ असून ओहोटीच्या वेळी खडकांचे विस्तीर्ण कातळ उघडे पडतात.

दुसरा पट्टा टेकड्यांचा आणि विखुरलेल्या डोंगरांचा. हे डोंगर साधारणपणे किनाऱ्याला समांतर आहेत. डहाणू व घोलवड यांच्यामागील कोसबाडची टेकडी, बोर्डीच्या पूर्वेचा बारड किंवा बाहरोटचा डोंगर, विवळवेढे येथील महालक्ष्मीचा डोंगर, सेगवा आणि गंभीरगड हे या भागातील ओळखीचे उंचवटे होत. यांपैकी कोसबाडची टेकडी महाराष्ट्राला विशेष परिचित आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बालशिक्षा केंद्र १९५७ मध्ये येथे आले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे वाढविले.

तिसरा पट्टा डोंगरांमागील दऱ्याखोऱ्यांचा आहे. कासा, चारोटी ही गावे याच पट्ट्यात येतात. येथून पूर्वेकडे भूमी जव्हार-मोखाड्याच्या उंच प्रदेशाकडे चढत जाते.

पाणलोट क्षेत्रांची विभागणी

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी एकाच नदीला, ओढ्याला किंवा खाडीला येऊन मिळते, त्याला तिचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. दोन पाणलोट क्षेत्रांना वेगळे करणारा उंचवटा म्हणजे जलविभाजक. डहाणू–तलासरी परिसरात जलविभाजकाचे काम मुख्यतः वर सांगितलेल्या दुसऱ्या पट्ट्यातील डोंगर करतात. त्यामुळे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस निरनिराळ्या ठिकाणी समुद्राला मिळतो.

सूर्या नदीचे खोरे : सूर्या नदी जव्हारकडील उंच प्रदेशातून पश्चिमेकडे उतरते. समुद्र आता जवळ आला असे वाटत असतानाच किनारी डोंगरांच्या आडोशाने ती दक्षिणेकडे वळते आणि पालघर तालुक्यात वैतरणा नदीला मिळते. वैतरणा पुढे अर्नाळा व दातिवरे यांच्या परिसरात समुद्राला मिळते. म्हणजेच डहाणूच्या किनाऱ्यापासून अवघ्या पंचवीस-तीस किलोमीटर अंतरावर कासा भागात पडलेला पाऊस डहाणूच्या खाडीत न येता बराच वळसा घालून दक्षिणेस समुद्राला पोहोचतो. डहाणू खाडी लहान राहण्याचे मुख्य भौगोलिक कारण हेच आहे.

वरोली नदीचे खोरे : तलासरी तालुक्यातील बराचसा भाग वरोली नदीच्या खोऱ्यात येतो. या नदीवर दापचरीजवळ कुर्झे धरण आहे. मुंबईतील गोठे शहराबाहेर हलविण्याच्या हेतूने राज्य शासनाने दापचरी येथे दुग्धप्रकल्प उभारला होता; त्याला या धरणाचा आधार होता. वरोली पुढे गुजरातमध्ये प्रवेश करते, संजाणवरून वाहते आणि उंबरगावजवळ समुद्राला मिळते. पारशी समाजाच्या परंपरेनुसार इराणहून आलेले त्यांचे पूर्वज प्रथम संजाण येथे वसले. पुढे संजाणवर आक्रमण झाल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत हलवून बारा वर्षे जपला, असे सांगितले जाते. नदीकाठचे बंदर आणि त्यामागील आश्रयाचा डोंगर यांचे हे नाते या प्रदेशाच्या रचनेचेच एक उदाहरण आहे.

किनारी ओढे व झाई खाडी : बारड डोंगर व कोसबाड टेकडी यांच्या पश्चिम उतारांवरचे पाणी लहान ओढ्यांनी सरळ समुद्राकडे किंवा झाईसारख्या लहान खाड्यांकडे जाते. हे ओढे लांबीने कमी आणि उताराला तीव्र असतात. मोठ्या सरीनंतर ते काही तासांत दुथडी भरतात आणि तितक्याच लवकर ओसरतात.

डहाणू खाडीचे पाणलोट क्षेत्र : उत्तरेस कोसबाडकडील उंचवटा, पूर्वेस सूर्येच्या खोऱ्यापासून तोडणारे डोंगर आणि दक्षिणेस वाणगावकडील सखल भूमी यांच्यामध्ये डहाणू खाडीचे क्षेत्र सामावलेले आहे. खाडीला मिळणारे ओढे हंगामी आहेत. दिवाळीनंतर त्यांतील वाहते पाणी झपाट्याने कमी होते आणि उन्हाळ्यात बहुतेकांची पात्रे कोरडी पडतात.

पर्जन्यमान व ऋतुचक्र

डहाणू येथे भारतीय हवामान विभागाची वेधशाळा आहे. या भागाचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान दोन हजार मिलिमीटरच्या आसपास असून जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डोंगराळ अंतर्भागात पावसाचे प्रमाण याहून अधिक असते.

या ऋतुमानामुळे खाडीच्या पाण्याचा गुणधर्म वर्षातून दोनदा पालटतो. पावसाळ्यात ओढ्यांचे गोडे पाणी मोठ्या प्रमाणात येते, खारटपणा कमी होतो आणि पाणी गढूळ होते. याच काळात डोंगरउतारांवरची माती खाडीत येऊन साचते. पावसाळा संपला की समुद्राचे पाणी पुन्हा वरचढ होते. एप्रिल-मे महिन्यांत खाडीच्या वरच्या भागातही पाणी जवळजवळ समुद्राइतके खारे होऊ शकते, कारण बाष्पीभवन चालू असते आणि वरून गोड्या पाण्याची भर नसते.

बेसाल्ट खडकात पाणी साठण्यास भेगा व झिजलेल्या थरांखेरीज फारशी जागा नसते. त्यामुळे दोन हजार मिलिमीटर पाऊस झालेल्या पाड्यांतही उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना दूरवर चालावे लागते. किनाऱ्यालगत अडचण वेगळी आहे. तेथे वाळूच्या थरात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. बागांसाठी व वस्तीसाठी त्याचा उपसा वाढला की खारे पाणी वर येते आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास दीर्घ काळ लागतो.

भरती-ओहोटी

या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतील फरक कमी होतो, त्याला भांग म्हणतात. डहाणूच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. कोकणच्या दक्षिण भागापेक्षा तो बराच अधिक आहे. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उत्तरेकडे अधिक रुंद व उथळ होत जातो आणि पुढे खंबातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होते. त्यामुळे भरतीची लाट उत्तरेकडे उंच होत जाते. खंबातच्या आखातात हा फरक दहा मीटरहून अधिक असतो.

या मोठ्या चढउताराचे दोन परिणाम होतात. पहिला असा की ओहोटीला खाडीचा फार मोठा भाग उघडा पडतो व चिखलाचे विस्तीर्ण पट्टे दिसू लागतात. होड्यांचे येणे-जाणे भरतीच्या वेळेवर ठरते. दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण तो अधिक महत्त्वाचा आहे. मोठ्या नदीच्या मुखात वरून येणारा प्रवाह खाडीतील घाण बाहेर ढकलतो. डहाणू खाडीला पावसाळ्याखेरीज असा प्रवाह नाही. ओहोटीबरोबर बाहेर गेलेल्या पाण्यातील काही भाग पुढच्या भरतीबरोबर परत आत येतो. म्हणून खाडीच्या वरच्या फाट्यांत सोडलेले सांडपाणी, राख किंवा उष्णता तेथे अधिक काळ रेंगाळते. खाडी लहान असल्याने तिची सहनशक्तीही मर्यादित आहे.

खारफुटी व जीवसृष्टी

खाडीकाठच्या खारफुटीत तिवर ही जाती सर्वाधिक आढळते. तिच्या चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्या हवेतील प्राणवायू घेतात. दाट खाऱ्या मातीत वाढण्याची ही तिची पद्धत आहे. काटेरी पानांचे मारांडीचे झुडूपही काठावर दिसते. खारफुटीमुळे काठाची माती धरून ठेवली जाते, उधाणाच्या लाटांचा जोर मोडतो आणि कोलंबी, चिंबोरी व अनेक माशांच्या पिलांना आसरा मिळतो.

चिखलपट्ट्यांवर निवट्या, लहान खेकडे, शिंपल्या आणि किडे यांची गर्दी असते. त्यांच्यावर जगणारे बगळे, ढोकरी आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार यांसारखे पाणपक्षी येथे दिसतात. पावसाळ्यात या किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे वाहत येतात. त्यांच्या उपचारासाठी डहाणू येथे वन विभागाच्या सहकार्याने कासव उपचार केंद्र चालविले जाते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने राज्यातील खारफुटीच्या तोडीस मनाई केली आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्षही स्थापन केला.

लोकजीवन व उपजीविका

पाणलोटाच्या तीन पट्ट्यांप्रमाणेच येथील लोकजीवनाचेही तीन थर आहेत. किनाऱ्यावर मांगेला, माच्छी इत्यादी मच्छीमार समाज राहतात. बागायती पट्ट्यात पारशी-इराणी, भंडारी व इतर बागाईतदार आहेत. डोंगराळ भागात वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी या आदिवासी जमातींची वस्ती आहे. बागांतील मजुरीसाठी डोंगरपट्ट्यातील लोक किनाऱ्याकडे येतात, त्यामुळे हे तिन्ही थर परस्परांवर अवलंबून आहेत.

मच्छीमारी : समुद्रात खुंट ठोकून त्यांना बांधलेले डोल जाळे हे या किनाऱ्याचे वैशिष्ट्य आहे. पिशवीसारखे हे जाळे भरतीच्या व ओहोटीच्या ओढीनेच भरते. बोंबील, जवळा, कोलंबी ही त्यातील मुख्य मासळी होय. पापलेट, दाढा, घोळ हे मोलाचे मासे वेगळ्या जाळ्यांनी पकडतात. खाडीच्या आत लहान होडीतून किंवा काठावरून पाग टाकून बोय व कोलंबी पकडली जाते. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून शिंपल्या, चिंबोऱ्या व निवट्या गोळा करणे हे काम प्रामुख्याने स्त्रिया व गरीब कुटुंबे करतात. या कामाला बोट, इंजिन किंवा भांडवल लागत नाही. म्हणून खाडीच्या स्थितीत होणारा बदल सर्वांत आधी याच कुटुंबांच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

बागायती : डहाणू, घोलवड व बोर्डी हा परिसर चिकूसाठी प्रसिद्ध आहे. घोलवड येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिकूची लागवड सुरू झाली. ‘डहाणू-घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूला निचरा होणारी जमीन, दमट हवा आणि उन्हाळ्यात गोडे पाणी लागते. म्हणून हे पीक किनारी भूजलाशी घट्ट बांधलेले आहे.

शेती व वन : डोंगरपट्ट्यात पावसाळी भात, नागली व वरई ही पिके होतात. साग, ऐन, खैर, मोह आणि पळस ही येथील वनांतील प्रमुख झाडे आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाड हे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांचे गाव. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांतून डोंगरातील माणसाचे ओढ्या-नद्यांशी असलेले नाते दिसते.

इतिहास

मध्ययुगात हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. खाडीमुखाच्या उत्तरेस असलेला डहाणूचा किल्ला बंदर व खाडीवर नजर ठेवण्यास सोयीचा होता. इ.स. १७३९ च्या सुमारास चिमाजी अप्पा यांच्या उत्तर कोकण मोहिमेत हा पट्टा मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८१८ नंतर तेथे इंग्रजांचा अंमल सुरू झाला. किल्ल्याच्या आवारात पुढे सरकारी कचेऱ्या आल्या.

१८६० च्या दशकात मुंबई–बडोदा रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर वाहतुकीचा मार्ग बदलला. डोंगरातील लाकूड आणि किनाऱ्यावरील माल होड्यांऐवजी रेल्वेने जाऊ लागला. खाडीकाठचे जुने डहाणू मागे पडत गेले व स्थानकाभोवती डहाणू रोड ही नवी वस्ती वाढली. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत वाढविण्यात आली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली, तेव्हा पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला उंबरगावचा बहुतांश भाग गुजरातमध्ये गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिले. राज्याची सीमा अशा रीतीने वरोलीच्या खोऱ्यातून गेली. नदीचा वरचा भाग एका राज्यात आणि मुख दुसऱ्या राज्यात, अशी तिची स्थिती आहे.

औष्णिक वीजकेंद्र

खाडीलगतच्या सखल भूमीवर ५०० मेगावॉट क्षमतेचे डहाणू औष्णिक वीजकेंद्र आहे. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच असलेले हे केंद्र तत्कालीन बी.एस.ई.एस. कंपनीने उभारले व ते १९९५ मध्ये सुरू झाले. पुढे ते रिलायन्स समूहाकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेले. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणे हा त्याचा मुख्य हेतू आहे. सुमारे २७५ मीटर उंचीची त्याची चिमणी दूरवरून दिसते.

केंद्रातील यंत्रणा थंड ठेवण्यासाठी खाडीचे खारे पाणी वापरले जाते व वापरानंतर ते कोमट होऊन खाडीकडेच परत येते. केंद्राच्या उभारणीपासूनच तीन मुद्द्यांवर वाद झाला : कोमट पाण्याचा मासळीवर होणारा परिणाम, राखेची विल्हेवाट आणि धुरातील गंधकाच्या वायूमुळे चिकूच्या बागांना पोहोचणारी बाधा.

पर्यावरणीय संरक्षण

केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. या अधिसूचनेने तालुक्यातील उद्योगांची प्रदूषणक्षमतेनुसार वर्गवारी केली, उद्योगांसाठी वापरता येणाऱ्या जमिनीला ५०० एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचे संरक्षक क्षेत्र ठरविले. त्याच वर्षी फेब्रुवारीत संपूर्ण देशासाठी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचनाही निघाली होती.

या तरतुदींची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल स्थानिक नागरिक व पर्यावरणवादी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते व जानेवारी २०१९ मधील निधनापर्यंत त्यांनी हे काम पाहिले. एका तालुक्याच्या पर्यावरणासाठी स्वतंत्र प्राधिकरण असणे ही देशातील विरळ घटना आहे. वीजकेंद्राच्या धुरातील गंधक वेगळे करणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि ती यंत्रणा २००७ मध्ये कार्यान्वित झाली.

अधिसूचनेबाबत स्थानिक मत एकसारखे नाही. बागाईतदार व मच्छीमार यांच्यातील अनेकांना ती आपल्या उपजीविकेची हमी वाटते. दुसऱ्या बाजूला, उद्योगांवरील बंधनांमुळे तालुक्यात रोजगार वाढत नाही व तरुणांना बोईसर, वापी किंवा मुंबईकडे जावे लागते, अशी तक्रारही केली जाते.

वाढवण बंदर प्रकल्प

डहाणू खाडीच्या मुखापासून काही किलोमीटर दक्षिणेस असलेल्या वाढवण येथे मोठे बंदर उभारण्याचा प्रस्ताव प्रथम १९९० च्या दशकात पुढे आला. प्राधिकरणाने १९९८ मध्ये तो नाकारला. पुढे जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण व महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या भागीदारीत (अनुक्रमे ७४ व २६ टक्के) नवा प्रस्ताव तयार झाला. त्याला डहाणू प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली.

प्रकल्पासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. किनाऱ्यालगत मोठ्या जहाजांना पुरेल इतकी खोली जवळ मिळते, हे या जागेच्या निवडीचे प्रमुख कारण सांगितले जाते. मच्छीमार संघटनांचा विरोध मुख्यतः तीन गोष्टींवर आधारलेला आहे : मासेमारीचे क्षेत्र जाणे, खडकाळ किनाऱ्यावरील माशांची पैदास थांबणे आणि भरावामुळे प्रवाहांची दिशा बदलून शेजारच्या खाड्यांत गाळ साचणे किंवा किनारा खचणे. भरतीच्या पाण्यावर जगणाऱ्या डहाणू खाडीसाठी यांतील तिसरा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण समुद्राकडून येणारे पाणी ज्या वाटेने येते ती वाटच त्याच्याशी संबंधित आहे.

पाणीवाटप

सूर्या नदीवरील धामणी धरण आणि त्याखालील कवडास बंधारा यांचा सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर व विक्रमगड या तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी आखण्यात आला होता. पुढे वसई-विरार व मिरा-भाईंदर या शहरांची गरज वाढत गेली आणि प्रकल्पातील पाणी पिण्यासाठी तिकडे वळविण्यात आले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना याच पाण्यावर आधारित आहे. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्या शेतापर्यंत कालव्याचे पाणी पोहोचावे, ही मागणी या भागातील आदिवासी संघटना सातत्याने करीत आल्या आहेत. निसर्गतः दक्षिणेकडे वळलेली सूर्या आता जलवाहिन्यांद्वारेही दक्षिणेकडेच जाते.

भूकंपाचे धक्के

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडी व आसपासच्या गावांत, भूकंपाचे सौम्य धक्के वारंवार बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसविले. एकाच लहान क्षेत्रात दीर्घकाळ अनेक लहान धक्के बसण्याच्या या प्रकाराला भूकंपमालिका म्हणतात. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर झिरपण्याशी तिचा संबंध असावा, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. या भागातील अनेक घरे कुडाची व हलक्या छपरांची आहेत. तथापि विटा-सिमेंटच्या अनेक घरांना तडे गेल्याने लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या.

भौगोलिक महत्त्व

कोकणातील बहुतेक मोठ्या खाड्या, उदाहरणार्थ वसई, धरमतर, दाभोळ व जयगड, सह्याद्रीकडून येणाऱ्या नद्यांच्या मुखाशी आहेत. त्यांच्या तुलनेत डहाणू खाडीचे पाणलोट क्षेत्र लहान असून सह्याद्रीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे ओढ्यांचा प्रवाह, गाळ, खारटपणा व भरती या घटकांतील परस्परसंबंध येथे एका मर्यादित क्षेत्रात तपासता येतात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना कोसबाडच्या टेकडीपासून डहाणूच्या किल्ल्यापर्यंतच्या एका दिवसाच्या सहलीत डोंगरउतार, कोरडा ओढा, चिकूची बाग, खार जमीन, तिवरांची झाडी आणि समुद्र ही सारी भूरूपे क्रमाने पाहता येतात. अशी सहल ओहोटीच्या वेळी काढल्यास खाडीचा तळ व तेथील जीवसृष्टी दिसते, आणि त्याच दिवशी भरती येईपर्यंत थांबल्यास सकाळी जेथे चिखल होता तेथे होड्या तरंगताना दिसतात.